ट्रेबलचं बटण

४ मार्च

प्रिय भाऊजी,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून दचकू नका, घरी सगळे ठणठणीत आहेत. फोनच करणार होते, पण हल्ली फोनवर कुणाचं धड कळत नाही. कंपनीवाले आवाजात पाणी घालत असावेत. त्यात तुमचे दादा शेजारी बसून मध्येमध्ये बोलणार, तेही पुटपुटत. निवृत्त झाल्यापासून हा माणूस ओठातल्या ओठात बोलायला लागला आहे. त्यापेक्षा लिहिलेलं बरं. तुम्हालाही सावकाश वाचून उत्तर देता येईल.

काम गिटारचं आहे. नाट्यगृहात आयुष्यभर आवाजाच्या मिक्सरवर बसलेला दीर घरात असताना बाहेर कुणाला विचारायला जाऊ?

आमचं शनिवारचं तुम्हाला ठाऊक आहेच. हॉटेलच्या तळमजल्यावरच्या कॉफी हॉलमध्ये मी गिटार वाजवते आणि दातांची डॉक्टर गाते. डिसेंबरपासून तिथे दुरुस्ती चालू होती, आता हॉल नवा झाला आहे. नवे स्पीकर, लाकडी जमीन, भिंतभर काचा. पूर्वी माझ्या गिटारसमोर माइक असायचा. मॅनेजर म्हणाला, त्या माइकमधून कपबश्या वाजतात, गिटारमध्ये पिकअप आहे ना, सरळ वायर लावा. तारांचा आवाज पकडणारा पिकअप आहे खरा, तारा टेकतात त्या घोडीखाली, गिटार घेतली तेव्हापासूनचा. पण आजवर मी त्याच्या वाटेला गेले नव्हते.

लावली वायर. आणि भाऊजी, माझी गिटार ओळखू येईना. उशीखाली ठेवून वाजवल्यासारखी. तारेवर नख लागताना जो बारीक चटका ऐकू येतो तो नाहीच. पहिल्या शनिवारी मधूनच घूंऽऽ असा आवाज उठला आणि एका गृहस्थांनी कप खाली ठेवला. मॅनेजर नंतर म्हणाला, मे अखेरपर्यंत गिटारच्या आवाजाचं काहीतरी करा, नाहीतर आम्ही आपलं रेकॉर्ड लावू. सभ्य माणूस आहे, हसत हसत बोलला.

मी बिलांच्या खिडकीमागे नोकरी काढली. निवृत्त झाल्यावर कुणाला माझी गरज राहिली नाही, हे मी कुरकुर न करता मान्य केलं आहे. पण शनिवारी संध्याकाळी कोपऱ्यातल्या टेबलवरचे लोक मान वळवून दाराकडे बघतात, मी आले का म्हणून. ते मला सोडायचं नाही. तेव्हा काय करायचं ते सांगा.

तुमची,
वहिनी

११ मार्च

वहिनी,

पत्र पोचलं. नाट्यगृहाच्या पत्त्यावर मला आलेलं हे पहिलंच खासगी पत्र, त्यामुळे मेकअपवाल्यापासून पडदेवाल्यापर्यंत सगळ्यांनी चौकशी केली. मोठ्या भावाच्या बायकोचं आहे म्हटल्यावर त्यांचा विरस झाला.

आता उंटावरून शेळ्या हाकतो. आधी हे लक्षात घ्या की पिकअपला तुमची गिटार ऐकू येत नाही. त्याला फक्त घोडीवर पडणारा तारांचा दाब कळतो. लाकूड, पोकळी, भोवतालची हवा, ज्याला तुम्ही तुमची गिटार म्हणता, त्यातलं बरंचसं त्याच्या गावीही नसतं. म्हणून पिकअपचा आवाज कोरडा आणि जरा बदकासारखा येतो. सगळ्यांचा येतो, त्यात तुमचा दोष नाही.

पहिली गोष्ट म्हणजे बॅटरी बदला. शेवटची कधी बदलली ते मी विचारत नाही, उत्तर ऐकवणार नाही. मग गिटारच्या कडेला बास, मिड, ट्रेबल अशी खालच्या, मधल्या आणि वरच्या आवाजांची बटणं आहेत ती सगळी मधोमध आणा. तिथून सुरुवात करायची. गिटारवरचा व्हॉल्यूम पूर्ण चढवू नका, थोडा हात राखून ठेवा. घूं होतं तेव्हा बास थोडा कमी करा आणि गिटारच्या गोल तोंडावर रबरी झाकण बसवा. दुकानात मिळतं. तुमच्याकडे तोंड केलेला स्पीकर गिटारच्या अगदी समोर असेल तर जरा बाजूला सरकवा. त्याचा आवाज पोकळीत शिरतो, पुन्हा पिकअपमधून बाहेर येतो, आणि हे चक्र सुरू झालं की घूं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. स्वतः वाजवत असताना निकाल देऊ नका. वाजवणारा गिटारच्या मागे बसलेला असतो, पैसे देणारे पुढे. दुसऱ्या कुणाला वाजवायला बसवा, हॉलच्या मध्यावर उभ्या राहा आणि मग ऐका. शिवाय एकटी गिटार ऐकू नका, डॉक्टरांना गायला लावा. एकटी असताना गोड वाटणारी गिटार गळ्याच्या पायात पाय घालते.

दादाला म्हणावं, तोंड उघडून बोल.

भाऊजी

२२ मार्च

प्रिय भाऊजी,

तुमची शिकवणी शब्दशः पाळली. बॅटरी काढली तर तिच्या कडेला पांढरी बुरशी. दादांनी ती चिमट्यानं उचलून बाहेर टाकली. रबरी झाकण आणलं, त्यानं गिटार तोंडात बोळा कोंबल्यासारखी दिसते, पण घूं बंद झालं. स्पीकर सरकवला. मॅनेजरनं मान डोलावली. इथवर तुमचे उपकार.

पण उशी तशीच आहे. बटणं मधोमध ठेवली तेव्हा तर वरच्या तारा जवळजवळ मेल्यासारख्या. मी तुम्ही सांगितलंत तसं केलं, शेजारच्या गिटार शिकणाऱ्या मुलीला सोबत नेलं, तिच्या हातात गिटार दिली आणि हॉलच्या मध्यावर जाऊन उभी राहिले. तिथेही तेच. मग मी ट्रेबल वाढवत नेला. शेवटपर्यंत नेला तेव्हा कुठे थोडी ओळख पटली.

आता खरी गंमत. डॉक्टर म्हणते, टोचतंय. कानात सुई घातल्यासारखं होतंय, गाता येत नाही, कमी कर. मी म्हटलं, अगं, मला तर अजून हवाय. तिनं नाक मुरडलं. भाऊजी, ही बाई सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकांच्या तोंडात ते किरकिरणारं यंत्र घालून बसते. अशा कानांना काय कळणार तारेची चमक? मी तिला तसं बोलले नाही, मैत्रीण आहे. तुमच्याशी बोलते.

बटण शेवटाला टेकलं आहे, त्यापुढे जागा नाही. आता काय?

वहिनी

३० मार्च

वहिनी,

डॉक्टरांबद्दलचं तुमचं निदान मला पटलं. इतकी वर्षं ड्रिल कानाशी म्हटल्यावर कानांचं काहीतरी होणारच. आमच्या पडदेवाल्याच्या डाव्या कानाशी मोटर असते, त्याला डावीकडून हाक मारलेली कळत नाही. वरचे आवाज आधी जातात. आणि कान बिघडला की कधीकधी उलटंच होतं, साधा आवाजही टोचायला लागतो. तेव्हा त्यांना गोडीगुलाबीनं कान तपासून घ्यायला सांगा. सत्य आहे ते सत्य आहे, पण मैत्रीण टिकवून सांगा.

राहिली गिटार. ट्रेबल पूर्ण चढवूनही मंद वाटत असेल तर घोडं पिकअपपाशीच पेंड खातंय. घोडीत एक पांढरी पट्टी असते, तिच्यावर तारा टेकतात आणि तिच्याखाली पिकअप. ती पट्टी खालून सपाट नसेल तर दाब सगळीकडे सारखा पडत नाही आणि काही तारा मेल्यासारख्या वाटतात. चांगल्या दुरुस्तीवाल्याकडून ती घासून घ्या.

त्यानंही भागलं नाही तर दुसरा पिकअप बसवता येतो. आतून लाकडाला चिकटवायचा, नाण्याएवढा असतो. तो लाकडाची थरथर पकडतो, त्यामुळे हवा आल्यासारखी वाटते. पहिल्यात थोडा दुसरा मिसळला की काम झालं. फक्त त्याच्या वायरसाठी गिटारच्या बुडाशी एक छोटं भोक पाडावं लागेल. चांगल्या गिटारला भोक पाडा असं सांगणं जिवावर येतं, पण तुमचं वर्णन वाचून दुसरा इलाज दिसत नाही.

आमच्याकडे सध्या नवं नाटक बसतंय. नायकाचा आवाज तिसऱ्या रांगेपलीकडे जात नाही आणि तो दोष माझ्या माइकला देतो.

भाऊजी

१४ एप्रिल

प्रिय भाऊजी,

पाडलं भोक. दुरुस्तीवाला सज्जन होता. त्यानं आधी पट्टी घासली, मग मला वाजवून बघायला सांगितलं आणि म्हणाला, बाई, छान येतंय की, भोक कशाला? मी म्हटलं, पाडा. ड्रिल लाकडात शिरलं तेव्हा मी रस्त्याकडे बघत उभी राहिले. भुसा त्यानं फुंकरीनं उडवला आणि गिटार माझ्या हातात दिली.

फरक आहे. खर्ज भरला. पण मला हवं ते अजूनही नाही. ती बारीक चमक मी माइकच्या दिवसांत ऐकली आहे, मला स्वप्न पडलं नव्हतं.

गेल्या शनिवारी भांडणाला तोंड फुटलं. मी ट्रेबल शेवटपर्यंत ठेवून वाजवत होते. दुसऱ्या गाण्याच्या मध्यावर डॉक्टर गाता गाता वाकली आणि माझ्या गिटारवरचं बटण खाली फिरवलं. माझ्या गिटारवरचं, माझ्या मांडीवर असताना. मी वाजवणं थांबवलं नाही, पण पुढचं कडवं येईपर्यंत बटण पुन्हा वर नेलं. लोकांनी पाहिलं. मॅनेजरनं पाहिलं. घरी येताना दोघी एकाच गाडीत बसलो, ती एका खिडकीबाहेर बघत, मी दुसऱ्या.

सोमवारी मी तिच्या दवाखान्यात जाऊन सरळ सांगितलं, तुझे कान तपासून घे. वाटलं होतं भडकेल. ती खुर्चीत टेकून बसली आणि म्हणाली, घेते की, तू येशील सोबत? पुढच्या आठवड्यातली वेळ मिळाली आहे. बघा, तुमची गोडीगुलाबी न वापरताच काम झालं.

दादांना सांगून शनिवारचं रेकॉर्डिंग तुमच्या फोनवर पाठवते आहे. तुमच्या मोठ्या स्पीकरवर ऐका आणि सांगा, मंद आहे की नाही.

वहिनी

१९ एप्रिल

वहिनी,

रेकॉर्डिंग मिळालं. दुपारी नाट्यगृह रिकामं होतं तेव्हा मोठ्या स्पीकरवर लावलं. तुमचं वाजवणं पूर्वीइतकंच स्वच्छ आहे, बोट कुठे अडखळत नाही. डॉक्टरांचा सूर चांगला लागला आहे. आवाजाबद्दल सविस्तर नंतर लिहीन, फोनवरच्या रेकॉर्डिंगवरून फार बोलू नये.

कान तपासायला जाताय ते उत्तम. तिथे एक करा. डॉक्टरांची तपासणी झाली की तुम्हीही त्या खोलीत बसा. तुलनेसाठी. एकच कान बघून काही ठरवता येत नाही, आम्हीसुद्धा एका स्पीकरवर विश्वास ठेवत नाही. वेळ थोडाच लागतो आणि दुखत वगैरे नाही.

दादाशी काल फोनवर बोललो. बराच वेळ बोललो. मला तरी तो पुटपुटताना आढळला नाही.

ट्रेबलला सध्या हात लावू नका, आणि आणखी काही भोकं तर मुळीच पाडू नका. मी चुकीचं सांगितलं असण्याची शक्यता आहे.

भाऊजी

२९ एप्रिल

भाऊजी,

तुलना झाली.

डॉक्टरचे कान उत्तम आहेत. तपासणारी बाई म्हणाली, या वयात असे कान क्वचित दिसतात. ड्रिलनं त्यांचं काही बिघडवलेलं नाही.

मग मी बसले. काचेची लहान खोली, कानावर हेडफोन, हातात एक बटण. आवाज आला की दाबायचं. सुरुवातीला आवाज येत होते, मी दाबत होते, शाळेतल्यासारखी हुशारी वाटत होती. मग आवाज यायचे थांबले. मला वाटलं, संपलं. पण काचेतून मला त्या बाईचं बोट खाली जाताना दिसत होतं. ती दाबत होती. पुन्हा दाबत होती. माझ्या कानात काही नव्हतं. डॉक्टर तिच्या शेजारी उभी होती, ती जमिनीकडे बघत होती.

दोन्ही कानांतले वरचे आवाज गेले आहेत. काही वर्षं हळूहळू जात असावेत, असं ती बाई म्हणाली. माणसाला कळत नाही, त्याला वाटतं जगच मंद झालंय.

म्हणजे गिटार ठीक होती. पिकअप ठीक होता. दुरुस्तीवाला बरोबर होता. डॉक्टर बरोबर होती, आणि मी तिच्या कानांना नावं ठेवत होते, आणि तुम्ही माना डोलावत होतात. कॉफी प्यायला आलेल्या माणसांच्या कानांत मी दर शनिवारी सुया घातल्या आणि मला वाटत होतं मी त्यांना चमक देते आहे. मला लाज वाटते. नुसतं वाईट वाटत नाही, लाज वाटते.

तुम्हाला रेकॉर्डिंग ऐकल्याबरोबर कळलं होतं. तुलनेसाठी, म्हणे. एवढं हातचं राखून कशाला लिहायचं? मी काय काचेची आहे?

तुमच्या दादांना विचारलं, तुम्हाला कळलं नव्हतं का? म्हणाले, कळलं होतं, म्हणून मोठ्यानं बोलायचो, तर तू म्हणायचीस ओरडता कशाला, म्हणून मग हळू बोलायला लागलो. या माणसाशी मी इतकी वर्षं संसार केला.

कानात घालायचं यंत्र मिळालं आहे. त्यानं माणसांचं बोलणं कळतं. दादा अजिबात पुटपुटत नाहीत, उलट फार बोलतात. पण यंत्र घालून गिटार वाजवली तर पत्र्याच्या डब्यावर तार ताणल्यासारखी वाजते. काढलं की उशी. मधलं काही उरलेलं नाही.

डॉक्टरला सांगितलं आहे, दुसरा वाजवणारा शोध. मॅनेजरलाही कळवीन. मे अखेरपर्यंत थांबायची गरज नाही.

वहिनी

५ मे

वहिनी,

हो, कळलं होतं. पहिल्या गाण्याच्या दहा-बारा सुरांतच मी हात पुढे करून आवाज कमी केला. एवढा ट्रेबल धडधाकट कानाचा माणूस ठेवूच शकत नाही. मग तुमची सगळी पत्रं काढून पुन्हा वाचली. फोनवर कळत नाही, दादा पुटपुटतो, हॉलच्या मध्यावरही तेच. सगळं पहिल्या पत्रापासून लिहिलेलं होतं. मी पट्टी आणि पिकअप शोधत बसलो. माझ्या सांगण्यावरून तुमच्या गिटारला भोक पडलं, आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं. सरळ लिहायला हवं होतं. घाबरलो. तुम्ही काचेच्या नाही, मी आहे.

आता सांत्वन करत नाही, कामाचं बोलतो. गेलेलं परत येणार नाही. तुमची गिटार तुम्हाला पूर्वीसारखी कधी ऐकू येणार नाही. पण तुम्ही वाजवणं सोडावं असं मला वाटत नाही, आणि हे तुमच्या समाधानासाठी लिहीत नाही.

माझा धंदाच यावर चालतो की स्टेजवरच्या माणसाला हॉलमधला आवाज ऐकू येत नाही. धडधाकट कानाच्या माणसालाही नाही. नायक तिथे उभा राहून बोलतो, शेवटच्या रांगेत काय पोचलं ते त्याला रात्री घरी जाईपर्यंत कळत नाही. त्याचा आवाज माझ्या हातात असतो. जो नट हे मान्य करतो त्याचं नाटक नीट होतं. जो करत नाही तो दर प्रयोगाला माझ्याशी भांडतो. तुम्ही आजवर गिटारही वाजवलीत आणि मिक्सरवरही स्वतःच बसलात. दोनपैकी एक काम आता तुमच्याकडून गेलं आहे. बोटं गेलेली नाहीत. ते रेकॉर्डिंग मी ट्रेबल काढून पुन्हा ऐकलं आहे, म्हणून सांगतो.

डॉक्टरांना बटणं लावू द्या. त्यांचे कान उत्तम आहेत, तसा दाखलाच आहे. दुपारी हॉल रिकामा असताना दोघी जा. तुम्ही वाजवा, त्यांना हॉलच्या मध्यावरून गात गात ठरवू द्या. ठरलं की बटणांवर चिकटपट्टी लावा आणि त्यानंतर हात लावू नका. दुसरा पिकअप आता आहेच, तोही त्या हव्या तेवढा मिसळतील. निदान ते भोक फुकट जाणार नाही.

तुम्हाला तो आवाज आवडणार नाही. तुम्हाला मेलेल्या तारा ऐकू येतील आणि हात बटणाकडे जाईल. तो जाऊ द्यायचा नाही. हे अवघड आहे, मला माहीत आहे. माझ्यावर वेळ आली तर मलाही जमेल की नाही सांगता येत नाही. गेल्या आठवड्यात मीही त्या काचेच्या खोलीत जाऊन बसलो. माझे अजून ठीक आहेत. पण कागद हातात येईपर्यंत मी बाहेर येरझाऱ्या घालत होतो.

भाऊजी

२७ मे

प्रिय भाऊजी,

तुमच्या पत्रावर मी आठवडाभर चिडून होते. मग चिडण्याचा कंटाळा आला.

डॉक्टरला फोन केला, यंत्र घालून. तिनं शोधलाच नव्हता दुसरा कुणी. म्हणाली, रुग्ण रागावून उठून गेला तरी मी त्याची खुर्ची लगेच दुसऱ्याला देत नाही. गुरुवारी दुपारी हॉलमध्ये गेलो. खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवलेल्या, एक माणूस काचा पुसत होता. मी कानातलं यंत्र काढून डबीत ठेवलं आणि वाजवायला बसले. ती फिरत होती, गात होती, मध्येच येऊन बटण इतकंसं वळवत होती, पुन्हा लांब जाऊन उभी राहत होती. दात कोरताना असते तशीच चिवट बाई. ट्रेबल तिनं अर्ध्याच्याही खाली आणला. मी वाजवत राहिले. शेवटी तिनं तिच्या दवाखान्यातली पांढरी चिकटपट्टी बटणांवर लावली.

शनिवारी आम्ही दोघी बसलो. हॉल भरलेला होता. भाऊजी, तुम्ही लिहिलं होतंत की मला आवडणार नाही. तुम्ही कमी लिहिलंत. माझ्या मांडीवर माझी गिटार आणि तिच्या वरच्या दोन तारा मला जवळजवळ ऐकूच येत नव्हत्या. बोटांना कळत होतं की सूर लागला आहे, लाकूड छातीशी थरथरत होतं, बाकी विश्वास. पहिली दोन गाणी माझा उजवा हात दर ओळीला बटणाकडे जायला बघत होता. मी त्याला कामात ठेवलं. मला रडू येत होतं आणि मी ते येऊ दिलं नाही, कारण मग मला तारा दिसल्याही नसत्या.

मग मी लोकांकडे बघायला लागले. इतकी वर्षं वाजवताना मी खाली बोटांकडे बघत आले. कोपऱ्यातल्या टेबलवरचा गृहस्थ खुर्ची आमच्याकडे वळवून बसला होता. एक बाई कपाला हात न लावता ऐकत होती, तिची कॉफी निवून गेली असणार. डॉक्टर डोळे मिटून गात होती, असं ती डिसेंबरआधी गायची. म्हणजे जे काय माझ्या हातांतून जात होतं ते तिकडे नीट पोचत होतं. मला ते ऐकू येत नव्हतं, ते मला त्यांच्या तोंडांवर बघावं लागत होतं. याचं दुःख आहे, भाऊजी. आनंद झाला असं लिहिलं तर खोटं होईल. पण मी पूर्ण कार्यक्रम वाजवला.

शेवटचं गाणं संपलं. मी वायर गुंडाळत होते, यंत्र अजून डबीतच होतं. मॅनेजर जवळ आला आणि काहीतरी बोलला. त्याचे ओठ हलले, हसला, आणि उत्तरासाठी थांबला. एरवी मी अशा वेळी मान हलवते. बिलांच्या खिडकीमागे असल्यापासूनच बहुधा हलवत असेन. कोण जाणे किती लोकांना मी काय काय कबूल करून बसले आहे.

या वेळी मी मान हलवली नाही. मी म्हटलं, मला ऐकू येत नाही, पुन्हा सांगा. हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा बोलले. बोलताना कान तापले. तो गोंधळला, एक पाऊल पुढे आला आणि इतक्या मोठ्यानं बोलला की अख्ख्या हॉलनं ऐकलं. म्हणाला, मॅडम, पुढच्या शनिवारी अर्धा तास आधी सुरू कराल का, लोक लवकर येऊन बसतात.

मी म्हटलं, करू.

तुमची,
वहिनी